कच्च्या फोटोंची पक्की फाइल

“हे एका संध्याकाळचं काम आहे,” असं ऑडिटरसाहेब काउंटरवर बोलून गेले आणि पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं.

खरं तर त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. काउंटर शिवणकला प्रशिक्षण संस्थेच्या पाठ्यपुस्तक विभागाचा होता, काम बायकोचं होतं आणि साहेब फक्त पिशवी धरायला आले होते. पिशवीत बाईंच्या टिपणांचा शिवून बांधलेला गठ्ठा होता. बाई म्हणजे त्यांची बायको. शिवणाच्या वर्गात सगळे तिला बाई म्हणायचे, आणि इतक्या वर्षांनंतर साहेबांच्याही तोंडून परक्यांसमोर ‘बाईंना विचारून सांगतो’ असंच निघायचं. साहेब स्वतः निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. निवृत्तीनंतर पद गेलं, पण ऑडिटर आणि साहेब ही दोन्ही नावं शेजाऱ्यांनी त्यांच्याकडे राहू दिली होती.

बाईंनी अख्खी नोकरी त्या टिपणांवर शिकवण्यात घालवली. टाइपरायटरवर टाइप केलेली पानं, मापांचे तक्ते, कडेला पेन्सिलीच्या दुरुस्त्या. वर्गाला नेमलेलं पुस्तक वेगळंच होतं आणि बाईंचं त्या पुस्तकाशी जुनं वैर होतं. वैराचं कारण मुंढा. शर्टाला बाही जिथे जोडतात तो गोल काप म्हणजे मुंढा. पुस्तकात पुढचा आणि मागचा मुंढा अगदी सारखा कापायला सांगितला होता. बाईंच्या मते असा शर्ट दुकानातल्या पुतळ्याला बसेल, हात हलवणाऱ्या माणसाला नाही. त्या हे संस्थेला वेळोवेळी लेखी कळवत आल्या. यंदा संस्थेने पहिल्यांदाच उत्तर दिलं: टिपणं आणा, समितीपुढे ठेवू, पसंत पडली तर पुस्तक बदलू.

काचेपलीकडच्या मॅडमनी गठ्ठा पाहिला आणि होता तसा परत सरकवला.

“कागद नको. फाइल हवी. तीही दुरुस्त करता येईल अशी. समिती बदल सुचवते, ते तिथल्या तिथे करावे लागतात.”

“म्हणजे टाइप करून आणायचं?” बाईंनी विचारलं.

“ते तुमचं तुम्ही बघा. शनिवारी बैठक आहे. या वेळी राहिलं तर जुनंच पुस्तक पुन्हा छापायला जाईल. मग हा विषय परत कधी निघेल, ते मी सांगू शकत नाही.”

“हरकत नाही,” बाई म्हणाल्या. “मी वाचून दाखवेन, हे टाइप करतील.”

साहेब एका बोटाने टाइप करत. घरातली ही गोष्ट काउंटरपर्यंत येणार असं दिसताच ते पुढे झाले. काचेला खाली अर्धगोल फट होती आणि तिच्यातून बोलायचं तर कोणालाही वाकावंच लागे. साहेब वाकले.

“टाइप कशाला करायचं? पानांचे फोटो काढायचे, कॉम्प्युटरला द्यायचे. तो फोटोतला मजकूर उचलतो आणि फाइल बनवतो. हे एका संध्याकाळचं काम आहे.”

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. वाकलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, “अहो, तुम्ही हे कधी केलंय?”

“वाचलंय,” साहेब म्हणाले. “आणि एक सांगतो, मध्येमध्ये बघायला येऊ नकोस. अर्धवट काम मी कोणाला दाखवत नाही.”

“नका दाखवू. पण झाल्यावर मी माझ्या पद्धतीने तपासणार.”

बाईंची पद्धत साऱ्या वर्गाला पाठ होती. कोणतंही पान विद्यार्थ्यांच्या हाती देण्याआधी त्या पानावर विसंबून एक कपडा कापायचा आणि शिवायचा. शिवताना स्वतःची अक्कल चालवायची नाही. कागद सांगेल तसं. कपडा बसला तर पान पास.

साहेबांना यात काहीच गैर वाटलं नाही. तपासणी म्हटलं की त्यांना बरंच वाटे.

आता हे फोटो फोनने काढले असते, तर गोष्ट दुसऱ्या दिवशीच आटोपली असती. पण फोन हे भाजीचा भाव कळवण्याचं साधन आहे, अशी साहेबांची समजूत होती. महत्त्वाच्या कामाला साधनही तोलामोलाचं हवं. जावयाकडे पक्ष्यांचे फोटो काढायचा मोठा कॅमेरा होता. साहेबांनी तो मागितला. सासऱ्याला नाही म्हणता येत नाही म्हणून जावयाने तो आणून दिला, पण दिला असा की जणू तान्हं मूल पहिल्यांदाच पाळणाघरात सोडतोय.

“बाबा, बटण फक्त हे दाबायचं. बाकी सेटिंगला हात लावू नका.”

“दुसऱ्याच्या सेटिंगला मी आयुष्यात हात लावलेला नाही,” साहेब म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं, आणि पुढचा घोळ याच सद्गुणामुळे झाला.

बाई वर्गावर गेल्यावर साहेबांनी त्यांचं कापणीचं टेबल ताब्यात घेतलं. लांबरुंद, गुळगुळीत, खिडकीपाशी ठेवलेलं टेबल. पहिलं पान उघडलं तसं ते आपोआप मिटलं. पुन्हा उघडून वर इस्त्री ठेवली. आता पान उघडं राहिलं, पण फोटोत अर्धी इस्त्रीच येऊ लागली.

अशा वेळी समोरच्या घरातले डेंटिस्ट आल्याशिवाय राहत नसत. त्यांचा दवाखाना घरातच होता, दुपारी पेशंट नसे आणि दार दोन्ही घरांचं उघडंच असे. ते आले, टेबलाभोवती एक फेरी मारून गठ्ठ्यावर वाकले.

“साहेब, तोंड नीट उघडत नाहीये.”

“बांधणी घट्ट आहे. बाईंनीच शिवलीय, काजाच्या दोऱ्याने.”

“मग आतली बाजू फोटोत यायची कशी? हे मुळापासून काढावं लागेल.”

“काढून पुन्हा बसवता येईल ना?”

“काढलं की बरं वाटतं,” डेंटिस्ट म्हणाले. त्यांचं ते नेहमीचं वाक्य होतं आणि ते प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे साहेबांच्या नंतर लक्षात आलं. डेंटिस्टनी घरून एक बारीक वाकडं हत्यार आणलं आणि वाखाणण्यासारख्या सफाईने बांधणीचा एकेक टाका उचकटला. टिपणं मोकळी झाली. शेवटचा टाका निघाल्यावर ते सवयीने “आता चूळ भरा” म्हणाले. मग उकडतंय म्हणून त्यांनीच पंखा लावला.

पानांवर क्रमांक नव्हते. बांधलेल्या पानांना क्रमांकाची काय गरज, असा बाईंचा हिशेब होता. पानं खोलीभर झाली. काही मशीनखाली, काही पलंगामागे, एक पान सरळ डेंटिस्टच्या घरात. ती गोळा करून पुन्हा लावायची कशी, याचा साहेबांनी शांतपणे विचार केला आणि ती शास्त्रशुद्ध लावली, म्हणजे माणूस जसा असतो तशी, वरून खाली. आधी कॉलर, मग खांदा, मग बाही, मग खिसा, शेवटी खालची पट्टी. मापं कशी घ्यायची हा बाईंचा पहिला धडा कुठल्याच अवयवाचा नसल्यामुळे तो सगळ्यांत मागे गेला.

मग साहेब स्टुलावर चढले आणि वरून खाली, काटकोनात, एकेका पानाचा फोटो घेत गेले. डेंटिस्ट खालून “थोडं डावीकडे” म्हणत राहिले. हे सगळं इतकं मन लावून चाललं होतं की खिडकीतून येणारा उजेड साहेबांच्या पाठीमागून येतोय आणि प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यावर त्यांच्या डोक्याची गोल सावली पडतेय, हे दोघांपैकी कोणालाही दिसलं नाही.

बाई घरी आल्या तेव्हा पानं शिस्तीत रचलेली होती. त्यांनी गठ्ठा उचलला. तो हातातून निसटत होता.

“माझी शिवण उसवलीत?”

“तांत्रिक कारणासाठी,” साहेब म्हणाले.

डेंटिस्टना अचानक पेशंट आठवला.

बाईंनी पानं चाळली, मापाचा धडा तळाशी गेलेला पाहिला, एक सुस्कारा टाकला आणि पत्ते लावावेत तशी सगळी पानं मूळ क्रमाने लावून दिली. त्यांना क्रम पाठ होता.

कॅमेऱ्यातून फोटो कॉम्प्युटरमध्ये उतरवायला इतका वेळ लागला की साहेबांचा चहा दोनदा गार झाला. एकेक फोटो अवाढव्य. आणि सगळे उतरल्यावर कॉम्प्युटरने त्यांतला एकही उघडला नाही. ‘ही फाइल ओळखता येत नाही,’ असं तो म्हणे. साहेबांनी प्रत्येक फोटोवर स्वतंत्रपणे क्लिक करून प्रत्येकाबद्दल स्वतंत्र नकार घेतला, कारण एका नमुन्यावरून सरसकट निष्कर्ष काढणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

जावयाला फोन केला.

“बाबा, ते रॉमध्ये आलेत. मी पक्ष्यांसाठी तसंच सेटिंग ठेवतो.”

“रॉ म्हणजे कच्चे?”

“हो. कॅमेऱ्याला जे दिसलं ते सगळंच्या सगळं त्यात असतं. पक्ष्याचं पीसन् पीस.”

“पण यात पक्षी नाही. यात बाहीची पट्टी आहे.”

“सेटिंग बदलायचं होतं मग,” जावई म्हणाला, आणि घाईघाईने फोटोवाल्याकडे जायला सुचवलं. आपणच काय बजावलं होतं, ते त्याला आठवलं असावं.

कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याने ते फोटो उघडून दिले. पासपोर्टच्या फोटोंसाठी ताटकळलेल्या रांगेसमोर त्याने ते मोठ्या पडद्यावर लावले. “काका, असे कच्चे फोटो लग्नाचे काढतात. नाहीतर वाघाचे. तुम्ही टाइप केलेल्या कागदाचे काढलेत?” रांगेतल्या एका काकूंनी मान पुढे करून विचारलं, “आणि कोपऱ्यात ते ढगासारखं काय आहे हो?”

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. पान बदललं, ढग तोच. पुन्हा पान बदललं, तोच ढग. ढगाला दोन कान होते.

“डाग आहे,” साहेब म्हणाले.

फोटोवाल्याने सगळे फोटो साध्या प्रकारात बदलून दिले. घरी येऊन साहेबांनी वर्डची नवी फाइल उघडली, बाईंनी लावलेल्या क्रमाने एकेका पानावर एकेक फोटो चिकटवला, वर ठळक अक्षरात नाव घातलं आणि ती समाधानाने न्याहाळली. वर्डमध्ये होती म्हणजे वर्डची फाइल होती. दुसऱ्याच दिवशी पेन ड्राइव्ह खिशात घालून ते एकटेच काउंटरवर गेले. झालेलं काम घेऊन परतायचं आणि मग बाईंना सांगायचं, असा त्यांचा बेत होता.

मॅडमनी फाइल उघडली. काचेच्या फटीतून त्यांनी माउस साहेबांकडे सरकवला आणि पडदाही वळवला.

“छान दिसतंय. आता या ओळीत ‘बाही’ शब्दानंतर एक स्वल्पविराम द्या.”

साहेब वाकले. त्यांनी ‘बाही’वर क्लिक केलं. पानाभोवती चौकट आली. पुन्हा क्लिक केलं तसं पान थोडं तिरकं झालं. सरळ करायला गेले तर ते आक्रसून पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं, आणि त्याच्यामागची सगळी पानं एकेक घर पुढे सरकली.

“हे फ्रेम करून लावायला उत्तम आहे,” मॅडम म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या, एवढंच त्यातल्या त्यात बरं. “पण समितीला स्वल्पविराम देता आला पाहिजे. शनिवार विसरू नका.”

साहेब सरळ झाले. कमरेत एक कळ आली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी शेकडो फायली ‘अपूर्ण’ म्हणून परत पाठवल्या होत्या. घेऊन जाणाऱ्याची पाठ कशी दिसते, हे ते नेहमी पाहत आले होते. कशी वाटते, ते आज कळलं.

गुरुवारी मात्र फोटोतला मजकूर उचलणारा प्रोग्रॅम साहेबांना सापडला आणि खरा मजकूर निघाला. आधी काही तास गेले ते कॉम्प्युटरला ही मराठी आहे हे न सांगितल्यामुळे. तोवर त्याने बाईंच्या टिपणांतून कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं यांचं एक लांबलचक काव्य काढून दिलं होतं. योग्य भाषा निवडल्यावर पडद्यावर शब्द उमटू लागले. ओळीन् ओळ, साधी, वाचता येणारी. साहेबांनी हळूच एका शब्दापुढे स्वल्पविराम देऊन पाहिला. तो बसला. काढून पाहिला, निघाला. असं त्यांनी बराच वेळ केलं.

आता थोडं राहिलं होतं. डोक्याच्या सावलीखालचे शब्द गेले होते, ते मूळ पानावरून भरले. पेन्सिलीच्या दुरुस्त्या कॉम्प्युटरला दिसल्याच नव्हत्या, त्याही पाहून घातल्या. आणि मापांचे तक्ते. तक्त्यांच्या रेघा गायब होऊन आकड्यांचा नुसता ढीग झाला होता, छातीचे, खांद्याचे, बाहीचे आकडे एकमेकांत मिसळलेले. दुसरा कोणी हाय खाऊन बसला असता. साहेबांनी बाह्या सरसावल्या. आकड्यांचा ढीग समोर आला की त्यांना घरी आल्यासारखं वाटे.

ते एकेक तक्ता उभा करत गेले आणि त्यांच्या नजरेला एक गोष्ट खटकू लागली. जिथे पुढचा मुंढा आणि मागचा मुंढा अशा दोन बाजू होत्या, तिथे आकडे जुळत नव्हते. एकच माणूस, एकच खांदा, आणि दोन बाजूंना दोन आकडे. त्यांनी मूळ पान पाहिलं. तिथेही तसंच. मग टाइप करतानाच कोणाचा तरी हात घसरला असणार. फरक दर वेळी थोडासाच, पण दर वेळी त्याच बाजूला. अशा फरकांवर साहेबांनी उभं आयुष्य काढलं होतं. ही जुनी, झिरपत आलेली चूक होती, आणि ती शोधल्याबद्दल कधीतरी बाई आपले आभार मानतील असं त्यांना वाटलं. त्यांनी सगळीकडे पुढची बाजू मागच्या बाजूशी जुळवून घेतली. शेवटचा तक्ता जुळला तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले.

इथे वाचक विचारेल की या माणसाच्या घरात मुंढ्यावरून इतकी वर्षं वैर चाललेलं, मग याला कसं कळलं नाही. त्याचं उत्तर असं, की मुंढा हा शब्द साहेबांनी लग्नापासून जवळजवळ रोज ऐकला होता. जेवताना, फिरायला जाताना, दिवा मालवताना. दर वेळी ते “बरोबर आहे तुझं” म्हणाले होते. नेमकं काय बरोबर आहे, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती.

शुक्रवारी सकाळी बाईंनी छापील प्रत हातात घेतली आणि चौकटीचं कापड काढलं. चौकटीवर चूक लपत नाही, म्हणून तपासणीला त्या चौकटीच वापरत.

“उभे राहा. तुमचाच शर्ट कापते.”

माप घेताना साहेबांनी श्वास आत घेतला.

“पोट सोडा.”

“सोडलंय.”

“अहो, चाळीस वर्षं लोकांची पोटं मोजतेय मी. सोडा.”

बाईंनी कागद समोर ठेवला आणि कागद सांगेल तसं कापायला घेतलं. खडूने आखताना एका ठिकाणी त्यांचा हात थांबला. त्यांनी कागदाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. स्वतःची अक्कल चालवायची नाही, हा नियम त्यांचाच होता. त्यांनी आखलं, कापलं, शिवलं. मशीनचा आवाज नेहमीपेक्षा जरा जोरात येत होता.

साहेबांनी शर्ट घातला आणि आरशासमोर उभे राहिले. हात खाली असताना फारसं काही वाटलं नाही. मग बटण लावायला हात पुढे आणले आणि छातीच्या दोन्ही बाजूंना, काखेच्या पुढे, कापडाच्या दोन घड्या उभ्या राहिल्या. चौकटी मुरगळल्या. पुस्तक काढायला फळीकडे हात नेला तर अख्खा शर्ट हाताबरोबर वर निघाला.

डेंटिस्ट दारात होतेच. त्यांनी लक्षपूर्वक पाहिलं.

“हात हलवले नाहीत तर कळत नाही,” ते म्हणाले.

बाईंनी कपाटातून जुनं पुस्तक काढलं, मुंढ्याचं पान उघडलं आणि साहेबांच्या छापील तक्त्याशेजारी ठेवलं. दोन्हीकडचे आकडे तंतोतंत सारखे होते.

“इतकी वर्षं मी यांच्याशी भांडले,” बाई म्हणाल्या. आवाज शांत होता. “आणि तुम्ही एका दिवसात त्यांचंच पुस्तक माझ्या नावाने टाइप करून दिलंत.”

“दोन्ही बाजू जुळत नव्हत्या,” साहेब म्हणाले.

“हात पुढे करा.”

त्यांनी केले.

“आता तेवढेच मागे करा.”

साहेबांनी प्रयत्न केला. थोडेसे गेले आणि थांबले. डेंटिस्टनीही आपले करून पाहिले.

“माणूस जेवतो पुढे, लिहितो पुढे, दुसऱ्याच्या कामात हात घालतो तोही पुढूनच. म्हणून पुढचा काप खोल लागतो. माणसाच्या दोन बाजू जुळत नसतात. जुळल्या तर तो माणूस नाही, पुतळा आहे. हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं?”

“रोज,” साहेब म्हणाले.

“आणि तुम्ही काय म्हणायचात?”

साहेब बटणं न सोडताच शर्ट काढायला गेले, पण हात डोक्यावर नेताना त्यात अडकले आणि तो बाईंनाच काढावा लागला. कापडाच्या आतून त्यांचा आवाज आला, “तू वाचून दाखव. मी टाइप करतो.”

बाईंनी शर्ट वर ओढून काढला. “एका बोटाने?”

“एका बोटाने.”

दुपारभर तेच चाललं. बाई मूळ पान हातात धरून आकडा वाचत, साहेब तो शोधत, खोडत, नवा घालत. मजकूर तयारच होता, फक्त मुंढे पुन्हा खोल करायचे होते. दुरुस्त करता येईल अशी फाइल संस्थेला कशाला लागते, हे आता साहेबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. प्रत्येक तक्त्यापाशी ते विचारत, “हे असंच?” आणि बाई फक्त ‘हो’ न म्हणता कारणही सांगत. साहेबांनी पहिल्यांदाच ते कारण ऐकलं. डेंटिस्टनी सुटी पानं क्रमाने धरून ठेवायचं काम मागून घेतलं. पंख्याला कोणी हात लावला नाही.

शनिवारी निघताना साहेबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला.

“तो नको,” बाई म्हणाल्या. “चौकटीचा घाला.”

“तो? समितीपुढे?”

“हो.”

हरलेल्या माणसाने वाद घालायचा नसतो, एवढं शहाणपण साहेबांना त्या आठवड्यात आलं होतं. त्यांनी तो घातला आणि संस्थेपर्यंत हात अंगाला चिकटवून चालत गेले. रस्त्यात ओळखीच्या दोघांनी हात केला. त्यांना साहेबांनी मानेनेच उत्तर दिलं.

मॅडमनी फाइल उघडली, एक स्वल्पविराम दिला, काढला आणि मान डोलावली. मग दोघांना आत नेलं. लांब टेबलामागे समिती बसली होती. अध्यक्षांनी चष्मा पुसत पुसत जुनं पुस्तक पुढे ओढलं.

“बाई, हे पुस्तक इतकी वर्षं चाललं. विद्यार्थी पास होताहेत. मग बदलायचं कशासाठी? फरक तर बोटभरसुद्धा नाही.”

“अध्यक्षसाहेब, तुम्ही तुमचे शर्ट या पुस्तकावरून शिवता का?”

“मी तयार घेतो,” अध्यक्ष म्हणाले.

“म्हणून विचारलं.” बाई मागे वळल्या. “अहो, जरा इकडे या.”

आपल्याला हा शर्ट का घालायला लावला, ते ऑडिटरसाहेबांना त्या क्षणी कळलं. दाराकडे जायला अजून वाव होता. पण बाई वाट पाहत होत्या, आणि त्यांनी या खोलीची वाट त्याहून कितीतरी जास्त पाहिली होती. ते पुढे येऊन टेबलासमोर उभे राहिले.

“हा शर्ट जुन्या पुस्तकाच्या मापांनी कापलाय. कागद सांगतो तसा, माझी काही अक्कल न लावता. अहो, हात पुढे करा.”

साहेबांनी हात पुढे केले. दोन्ही घड्या उठल्या.

“आता वर.”

शर्ट वर निघाला. समितीला चौकटींच्या खाली पोटाचा एक गोलसर तुकडा दिसला. एका सदस्याने पुढे वाकून पाहिलं, दुसऱ्याने स्वतःचे हात पुढे करून पाहिले. अध्यक्ष उठले, साहेबांभोवती फिरले आणि काखेपाशी कापडाची घडी चिमटीत धरली.

“दुखतंय का?”

“नाही,” साहेब म्हणाले. “कळतंय.”

पुस्तक बदलायचं ठरलं. अध्यक्षांनी एकच बदल सुचवला. ‘चुका आणि त्यांची कारणे’ हा धडा नुसता मजकुराचा होता, तिथे एक चित्र हवं. आत्ता पाहिलं तेच चित्र. मॅडमनी तो बदल फाइलमध्ये तिथल्या तिथे लिहून घेतला.

जावई त्याच दिवशी कॅमेरा घेऊन आला. साहेब खिडकीसमोर, तोंडावर उजेड घेऊन उभे राहिले. सावलीबाबत आता ते फार जागरूक होते. हात पुढे केले. श्वास आत घेतला.

“पोट सोडा,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी सोडलं. डेंटिस्ट म्हणाले, “मोठं करा तोंड, हसा थोडं.” जावयाने बटण दाबलं.

संध्याकाळी साहेबांनी मॅडमना फोन केला. आवाजात नम्रता होती, पण जाणकाराची. “फोटो काढलाय. तो वर्डमध्ये बसवून देऊ, की मजकूर काढून?”

“काहीच करू नका,” मॅडम म्हणाल्या. “छपाईवाल्यांना कॅमेऱ्यातून निघालेला कच्चाच फोटो लागतो. मोठा, सगळं बारीकसारीक दिसेल असा.”

“दुरुस्त करता येईल असा नको?”

“नको,” मॅडम म्हणाल्या. “हा आहे तसाच हवा.”